फणस खंय उतरतलो?

बाळा, अनेक आशीर्वाद.

चतुर्थीच्या गर्दीने जीव नकोसा केला, असं लिहिलंयस. कंडक्टरच्या नोकरीतली तुझी पहिलीच चतुर्थी ना? मग बरोबर आहे.

हसवायचं कसं, असंही विचारलंयस. तू हसवायला जाऊच नको. गाडी भरली की विनोद आपोआप होतो, तो कानावर पडेल एवढं डोकं शांत ठेव.

मे महिन्यातली कुडाळ-मालवण गाडी. माझ्या काखेत तिकिटांचा ट्रे, हातात पंच. खिडकीशी एक चाकरमानी आणि बाजूच्या सीटवर त्याचा भलामोठा फणस. माणसं दांडीला लोंबकळत होती, पण काट्यांमुळे फणसाला कोणी धक्का लावीना. अख्ख्या गाडीत ऐटीत बसलेला तेवढाच एक! आठ-नऊ वर्षांचं एक पोर त्याच्याकडे टक लावून बघत होतं. धामापूर आलं तसं त्याने मला विचारलं, "कंडक्टरकाका, ह्यो फणस खंय उतरतलो?"

गाडी खदखदली. चाकरमान्याने ओशाळून फणस पायाशी घेतला. त्याआधी मी दहा वेळा "सामान खाली घ्या" म्हणून घसा कोरडा केला होता.

एकदा मात्र मीच शहाणपणा केला. एका जाड्या गृहस्थाला म्हटलं, "दोन तिकिटं फाडू काय?" लोक हसले. तो काही बोलला नाही, पुढच्या थांब्यावर उतरला. तिकीट मालवणचं होतं, गाव अजून तीन मैल लांब. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतोय.

आणि एक. भांडणं उभ्या गाडीत होतात. घामाने अंग चिकटलेलं, वारा नाही, त्यात सुट्ट्या पैशांवरून तू हुज्जत घालतोस. आधी डबल बेल दे. वारा आत आला की निम्मी तोंडं आपोआप बंद होतात.

कट्ट्याच्या बाजाराहून येणारी एक आजी होती. खच्चून भरलेल्या गाडीत ओरडली, "माझ्या पायार कोण उभो रवलो हा? रव बाबा, पण मगे माझा अर्धा तिकीट तू भर!" कोण उभा होता ते कळलं नाही, पण सगळ्यांनीच आपापले पाय उचलून बघितले. 17 मार्च 2023पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं झालं. ती आजी असती तर तिने पाव तिकिटाचा हिशोब मांडला असता.

रविवारी तुझ्या गाडीने कणकवलीला येतोय. जागा धरून ठेवू नको, दांडीला उभा राहीन. फक्त एकच अडचण, पंच्याहत्तरी उलटल्यामुळे मला प्रवास फुकट. पायावर कोणी उभा राहिला तर त्याच्याकडे मागू काय?

तुझा,
काका