तोफ बघायला सुरुवात करताना

तोफ दिसली की आधी मोबाइल खिशात ठेव आणि बोटं फिरव. गाड्यावर टेकायला नळीच्या दोन बाजूंना जे आखूड दांडे असतात ना, त्यांना आम्ही कान म्हणतो. कॅरन या स्कॉटलंडमधल्या तोफा ओतणाऱ्या कारखान्याच्या तोफांवर नाव, क्रमांक, साल कानांवरच सापडतं. बत्तीच्या भोकाजवळ २४-२-१४ असे आकडे दिसले तर ती तारीख नव्हे, इंग्रजी वजन आहे: २४ हंड्रेडवेट, २ क्वार्टर, १४ पौंड. हंड्रेडवेट ११२ पौंडांचं, क्वार्टर २८ चं. म्हणजे २७५८ पौंड, सुमारे १२५१ किलो. पहिल्यांदा हा हिशेब जुळला तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती!

किल्ल्यावरून तोफेचं कूळ ठरवू नकोस. आपल्या घोडबंदरलाच पोर्तुगीज, मराठे, इंग्रज तिघेही नांदले आणि जिंकलेली तोफ कुणी फेकून देत नसे.

गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा नाही, अक्षरं कायमची जातात. संध्याकाळी टॉर्च आडवा धर, पुसट अक्षरंही उठून दिसतात.

आधुनिक तोफांत नळीची लांबी बघ. स्वीडनची बोफोर्स आणि आपली धनुष, दोन्हींच्या नळीचा आतला व्यास १५५ मिमी, पण बोफोर्सची नळी व्यासाच्या ३९ पट, धनुषची ४५ पट, म्हणजे जवळजवळ सात मीटर.