नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवूनही समुद्री टाकीतले श्रिंप का मेले?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात फ्लॅटमध्ये १०० लिटरची समुद्री टाकी (खाऱ्या पाण्यातल्या माशांची) लावली. पालिकेचं पाणी दोन दिवस बादलीत उघडं ठेवलं, वर अँटी-क्लोरीनचे थेंबही टाकले, मग मीठ मिसळलं. रोज आटणाऱ्या पाण्याची भर किचनमधल्या प्युरिफायरच्या पाण्याने घालता. क्लाउनफिशची जोडी मजेत आहे, पण दोन्ही क्लीनर श्रिंप (एक जातीची कोळंबी) तिसऱ्या दिवशी गेले आणि काचेवर तपकिरी थर चढतोय. क्लोरीन राहिला असेल का, हा तुमचा प्रश्न.

नाही, क्लोरीनवर माझा संशय नाही. तो राहिला असता तर माशांचे कल्ले भाजले असते, मासे वर येऊन धापा टाकत राहिले असते. मासे धडधाकट आणि कोळंबीच मेली, म्हणजे मला आधी तांब्याची शंका येते.

आधी सांगा, तुमचा प्युरिफायर ‘कॉपर’वाला आहे का? हल्ली बऱ्याच घरगुती आरओमध्ये तांब्याची कांडी असते, पाण्यात मुद्दाम तांबं सोडायला. माणसाला ते चालतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००:२०१२) तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत मुभा आहे. स्वच्छ समुद्रात मात्र ते लिटरला ०.००१ मिलिग्रॅमहूनही कमी असतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबं औषध म्हणून देतात. मासा ते सोसतो, पण त्याच पाण्यात श्रिंप, गोगलगाय, अ‍ॅनिमोन टिकत नाहीत. कोळंबीचं रक्तच तांब्यावर चालतं, पण पाण्यात विरघळलेलं तांबं तिला विषासारखं लागतं, हे मला आजही नवल वाटतं.

आता भर घालण्याचा हिशोब बघा. टाकीतून उडतं ते शुद्ध पाणी, मागे राहतं ते सगळं. दिवसाला दीड लिटर आटलं तर महिन्याला ४५ लिटर भर पडते. त्यात मर्यादेतलं, ०.०५ मिलिग्रॅमच तांबं धरलं, तरी महिन्याला सव्वादोन मिलिग्रॅम आत जातं. १०० लिटरमध्ये ते लिटरला ०.०२ पेक्षा जास्त झालं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढंच. काही दगडात, वाळूत मुरतं आणि नंतर हळूहळू सुटत राहतं. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट यांचंही तसंच. तपकिरी थर बहुधा डायटमचा, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा आहे, त्याचं खाद्य सिलिकेट. नव्या टाकीत तो येतोच, त्याची काळजी करू नका.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. श्रिंप सोडताना थेंब-थेंब पाणी घालून एक-दोन तास सवय लावली होती का? पिशवीतल्या आणि टाकीतल्या पाण्याच्या खारेपणात फरक असेल तर नुसत्या त्या धक्क्यानेही श्रिंप जातात. तांब्याची टेस्ट किट आणून मोजा, म्हणजे अंदाजावर राहावं लागणार नाही.

क्लोरीनबद्दलही थोडं सांगतो, कारण पुढे पावसाळा आहे. गढूळ पाणी आलं की तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवतात, आणि सोसायटीची टाकी धुतली की ब्लीचिंग पावडरचा वास दोन दिवस नळाला येतो. मोकळा क्लोरीन बादलीत एअर पंप चालवला की दिवसभरात जातो. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, तेच काम क्षणात करतं, १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम. क्लोरामाइन, म्हणजे अमोनियाशी जोडलेला क्लोरीन असेल तर मात्र पाणी उघडं ठेवून भागत नाही. हायपो ते तोडतं, पण मागे अमोनिया उरतो, आणि समुद्री टाकीचा पीएच ८.२ च्या आसपास असल्याने तो गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विषारी ठरतो. गावाकडे ग्रामपंचायतीचा माणूस ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन तपासणं) करतो ना, तीच घरी करता येते. पिवळा रंग लगेच आला तर मोकळा क्लोरीन, काही मिनिटांनी हळूहळू गडद झाला तर क्लोरामाइन. ते नमुन्याचं पाणी टाकीत ओतू नका.

मी डोंबिवलीत राहतो, नऊ वर्षं समुद्री टाकी पाळतोय. पहिली दोन वर्षं नळाचंच पाणी वापरलं आणि हिरव्या केसाळ शेवाळाने सगळी टाकी व्यापली. आरओ-डीआय (आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन) लावल्यावरच ते सुटलं. पाच मायक्रॉनचा फिल्टर, मग कार्बन, मग मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन, अशी रांग. कार्बन आधीच हवा, कारण क्लोरीन मेम्ब्रेन खराब करतो. शेवटी टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) ० यायला हवा. १ किंवा २ दिसायला लागलं की रेझिन बदलायचं.

घरचा आरओच वापरायचा असेल तर टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू पूर्ण बंद करा, तो कच्चं पाणी परत मिसळतो. तांब्याची आणि मिनरलची कांडी काढून टाका, आणि शेवटी डीआयचा डबा जोडून घ्या. मेम्ब्रेन एक लिटर देते तेव्हा तीन-चार लिटर बाहेर टाकते. ते मी पिंपात साठवून लादी पुसायला आणि फ्लशला वापरतो. टंचाईच्या दिवसांत ते गटारात सोडवत नाही.

एसीच्या नळीतून टपकणारं पाणी बरेच जण फुकटचं डिस्टिल्ड म्हणून घेतात. ते तांब्याच्या कॉइलवरून येतं, श्रिंप असतील तर अजिबात नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी टीडीएस मोजून घेतलं तर अडीअडचणीला चालतं.

या आठवड्यात एवढं करा. प्युरिफायरचं पाणी आजपासून बंद. शून्य टीडीएसच्या २० लिटर पाण्यात मीठ मिसळून, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) लावून चोवीस तास फिरवा. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ आलं की तेवढं पाणी टाकीतून काढून हे घाला, मीठ थेट माशांच्या टाकीत कधी ओतू नका. चार दिवसांनी पुन्हा तसंच करा. फिल्टरमध्ये ताजा कार्बन ठेवा. टेस्ट किटवर तांबं लागोपाठ दोन आठवडे शून्य दिसेपर्यंत नवे श्रिंप आणू नका. क्लाउनफिशना तोवर काही होणार नाही.