तेज एका दुर्बिणीला कळतं, सरकणं कळायला जाळं लागतं

तुम्ही विचारलंय की, आकाशातली एखादी वस्तू मंद-प्रखर होतेय हे एका मोठ्या रेडिओ दुर्बिणीलाही कळतं, मग हजारो किलोमीटरवरच्या दुर्बिणी जोडायचा खटाटोप कशाला?

माझं आजोळ पुणे जिल्ह्यातल्या खोडदजवळ. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना लहानपणापासून बघतोय. एकेक ४५ मीटरची, पण तारांची जाळी इतकी विरळ की खाली उभं राहिलं तर आरपार आभाळ दिसतं. आजी म्हणायची, ‘भोकांची ताटली काय कामाची!’ (वीतभर ते पुरुषभर लांबीच्या लहरींना ती भोकं जाणवतच नाहीत.)

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे (मेलेल्या मोठ्या ताऱ्यांचे अतिघन गाभे) एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, मिळाल्या. अंतर सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं. सोळा दिवसांनी तिथून रेडिओ लहरी दिसल्या आणि पुढे काही महिने त्यांचं तेज वाढतच गेलं. ते मोजणाऱ्यांत जीएमआरटीही होती. पण ते वाढतंय कशामुळे, यावर दोन तट पडले. आतून अरुंद झोत बाहेर फुटलाय, की तो टकरीच्या मलब्यातच अडकून सगळीकडे नुसता फुगवटा पसरतोय? तेजाचा चढता आलेख दोन्हींत बसत होता. नुसतं तेज मोजत बसून हा वाद मिटणार नव्हता.

मग हवाईपासून व्हर्जिन बेटांपर्यंत पसरलेल्या व्हीएलबीए या अमेरिकी जाळ्याच्या दहा अँटेना आणि आणखी काही दुर्बिणी जोडून, टकरीनंतर साधारण ७५ आणि २३० दिवसांनी आकाशातल्या त्या रेडिओ ठिपक्याची जागा मोजली. ठिपका सरकला होता! किती? कोलकात्यातलं दोन सेंटिमीटरचं नाणं पुण्यातून जेवढं दिसेल, तेवढा. फुगवटा असता तर तो जागचा फारसा हलला नसता. म्हणजे झोतच. वेग प्रकाशाच्या चौपट भरला, पण दचकू नका, झोत जवळपास आपल्याच रोखाने येत असला की असा भास होतो.

इतकी बारीक नजर दोन अँटेनांमधल्या लांबलचक अंतरातून येते. प्रत्येक ठिकाणी अणुघड्याळ लावून लहरी डिस्कवर नोंदवतात, मग त्या डिस्क एका जागी आणून नोंदी जुळवतात. खोडदला अंतरं फार तर २५ किलोमीटरच्या आसपास, तिथे केबलवर भागतं.

मोठी दुर्बीण मात्र तरीही लागतेच. त्या जोडणीत अमेरिकेतली १०० मीटरची ग्रीन बँक दुर्बीणही होती, कारण ठिपका फार मंद होता.