आधी ताट, मग घाट

पोरी,

रविवारी तू लॅपटॉप मांडीवर घेऊन हजार-अकराशे फोटो दाखवलेस आणि शेवटी विचारलंस, "काका, लेन्स बदलू की बॉडीच बदलू?" तेव्हा मी चहाचं निमित्त करून आत गेलो. राग आला होता. तुझा नव्हे, म्हणजे सगळाच तुझा नव्हे. समोर बसून बोललो असतो तर तिरकं बोललो असतो, आणि मग तुझी काकू दोन दिवस माझ्याशी बोलली नसती. म्हणून लिहितोय.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर लोक वर्षानुवर्षं जातात आणि इंद्रवज्र, म्हणजे समोरच्या धुक्यात उमटणारं ते गोल रंगीत कडं, न बघता उतरतात. तुला पहिल्या खेपेला दिसलं. त्याचे चौसष्ट फोटो काढलेस आणि एकही धड नाही. धुकं मळक्या चादरीसारखं करडं, रंगांचं कडं असून नसल्यासारखं, निम्म्या फोटोंत फोकसच नाही. तू म्हणालीस, लाइट कमी होता. अगं, सकाळचं ऊन तुझ्या पाठीवर होतं, म्हणून तर समोरच्या धुक्यात ते कडं उमटलं! लाइट भरपूर होता. कॅमेऱ्याला तो कळला नाही, आणि कॅमेऱ्याला कळत नाही हे तुला ठाऊक नव्हतं.

हे कळायला गड चढावा लागत नाही. स्वयंपाकघरात जा. पांढऱ्या ताटात तांदूळ पसर, खिडकीशी ठेव, फ्रेम भरून फोटो काढ. मग त्याच जागी काळा तवा ठेवून काढ. दोन्ही फोटो शेजारी लाव. तांदूळ करडे, तवाही करडा. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर बिचारा समोर येईल ते मधल्या करड्या रंगाचं धरून चालतो. एक्स्पोजरच्या चाकावर तांदळाला प्लस एक, प्लस दीड दे, म्हणजे उजेड वाढव, तव्याला मायनस. कोकणकड्यावरचं धुकं म्हणजे ताटातले तांदूळच, फक्त ताट मोठं. हे हातात मुरलेलं असतं तर तिथे तुझा अंगठा आपोआप त्या चाकाकडे गेला असता.

मी हे तुला मागच्या वर्षीही सांगितलं होतं. तू हसलीस आणि म्हणालीस, "काका, तांदळाचे फोटो कोण बघणार?" कुणी बघायचे नाहीतच ते. आधी ताट, मग घाट.

फोकसचंही तसंच. चहाचं आधण उकळत असताना वाफेवर ऑटोफोकस लावून बघ. लेन्स पुढेमागे घुटमळत राहील, कारण पकडायला कडाच नाही. मग मॅन्युअलला टाक आणि हाताने फोकस कर. दहा दिवस चहा करताना कर. केदारेश्वराच्या गुहेतले तुझे फोटो हलले, त्याचं उत्तर देवघरात आहे. दिवे घालव, समई लाव, कॅमेरा तूरडाळीच्या पिशवीवर टेकव आणि दोन सेकंदांच्या टायमरवर काढ. डाळीची पिशवी कुठल्याही स्वस्त ट्रायपॉडपेक्षा कमी हलते, आणि उतरल्यावर आमटी करता येते. धबधब्याचं पाणी रेशमासारखं का दिसत नाही म्हणतेस ना? सिंकचा नळ सोड. एकदा शटर १/१००० सेकंदावर, एकदा अर्ध्या सेकंदावर. झालं.

आणि तो पोलरायझर, चकाकी कापणारी ती फिरती काच! तो लेन्सवर सदानकदा चढवून कशाला फिरतेस? गच्चीत सूर्याकडे पाठ करून उभी राहा, पाण्याच्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरून फवारा उडव. धनुष्य दिसेल. आता पोलरायझर डोळ्यासमोर धरून हळूहळू फिरव, एका कोनात धनुष्याचा समोरचा तुकडा जवळजवळ नाहीसा होईल. धनुष्य आणि इंद्रवज्र एक नव्हेत हे मलाही कळतं. धनुष्याची त्रिज्या साधारण ४२ अंश, वज्राचं कडं त्याच्यापुढे अगदीच लहान, आणि त्याला धुक्याचे फार बारीक थेंब लागतात. पण दोन्हींचं केंद्र एकच, तुझ्या डोक्याची सावली. म्हणजे शेजारच्या मैत्रिणीला दिसलं ते तिचं, तुला दिसलं ते तुझं. गच्चीत हे एकदा अनुभवलंस की कड्यावर गेल्यावर कुठे बघायचं हे विचारावं लागत नाही.

आता माझं. ते कोऱ्या रोलचं तुला कधी सांगितलं नाही.

१९९१ चा सप्टेंबर. आम्ही चौघं खिरेश्वरहून टोलारखिंडीने चढलो. माझ्याकडे महिन्याभराचा पगार घालून घेतलेला जुना रशियन कॅमेरा होता, घेऊन आठवडाही झाला नव्हता. कड्यावर भन्नाट वारा. वाऱ्याकडे पाठ करून, घाईघाईने, थरथरत्या बोटांनी मी छत्तीसचा रोल भरला. आणि ते उगवलं. चार-पाच मिनिटं होतं. मी काढत राहिलो, तीस, चौतीस, छत्तीस. सदतीस, अडतीसही गेले. एखाद-दोन जास्तीचे मिळतात, म्हणून खूश झालो. चाळिसाव्याला पोटात गोळा आला. रोलचं टोक आतल्या दात्यांत अडकलंच नव्हतं. लिव्हर ओढला की रिवाइंडची खुंटी फिरायला हवी, ती फिरते का एवढं बघायचं असतं. मी बघितलं नव्हतं, कारण बघायचं असतं हे माहीतच नव्हतं. घरी गादीवर बसून तीनदा रोल भरला-काढला असता तर कळलं असतं. पण घरी रोल वाया घालवायला जीव होत नव्हता, सगळे फोटो मला गडावरच काढायचे होते. तरी वेडी आशा म्हणून रोल धुवायला दिला. स्टुडिओवाल्याने कोरी नारिंगी पट्टी हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. ते पैसे न घेणं मला जास्त लागलं.

त्यानंतर मी घरातच शिकलो. न्हाणीघरात लाल दिवा, ताटल्यांमधून डेव्हलपर आणि हायपो, दोरीला चिमट्यांनी लटकवलेले प्रिंट, सासूबाईंचं "हा काय वास" हे कायमचं पालुपद. काढले काय? वाट्या, लसणाच्या पाकळ्या, तावदानावरचा पाऊस. मित्र म्हणाले, घाबरला. तुझी काकू अजूनही म्हणते, कड्यावर पुन्हा न जायला तुम्हाला बरं तत्त्वज्ञान सापडलंय. म्हणू दे. साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमध्ये पाहिलेल्या या इंद्रवज्राची नोंद १८३५ साली छापून आली. त्याच साली ऑगस्टमध्ये तिकडे इंग्लंडात टॅलबट, फोटोग्राफीच्या आद्य शोधकांपैकी एक, काय करत होता? लेकॉक गावच्या स्वतःच्या घरातली खिडकी टिपत होता. कॅमेरे म्हणजे लाकडाच्या चिमुकल्या डब्या, बायको त्यांना उंदरांचे सापळे म्हणायची! तिकिटाएवढी ती निगेटिव्ह, पण भिंगातून तिच्यात दोनेकशे तावदानं मोजता येतात असं त्याने लिहून ठेवलं. जगातली सर्वांत जुनी टिकलेली निगेटिव्ह घराच्या खिडकीची आहे, पोरी. आणि प्रागचा जोसेफ सुदेक, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला माणूस, १९४० पासून चौदा वर्षं आपल्या स्टुडिओची एक खिडकी टिपत बसला. त्याला कुणी घाबरट म्हणत नाही. अर्थात मी सुदेक नव्हे, हे काकूने आत्ताच खांद्यावरून वाचून ऐकवलं.

तर लेन्स नको, बॉडीही नको. पैसे बँकेत राहू देत. तीन महिने घराबाहेर कॅमेरा न्यायचा नाही. चिडशील, चीड. रोज एक फोटो, तांदळाचा, वाफेचा, समईचा, तुझ्या आजीच्या पांढऱ्या केसांचा (तेही तांदूळच, मीटरच्या दृष्टीने). प्रत्येक फोटोखाली वहीत लिही, काय योजलं होतं आणि काय आलं. आलेलं चांगलं असलं तरी योजलेलं नसेल तर फुली मार. यावर तू वाद घालणार, सुंदर फोटोला फुली का म्हणून. कारण तो पुन्हा काढता येत नाही तुला, म्हणून. दिवाळीनंतर कुठे जायचं ते जा, मी अडवणार नाही.

शनिवारी ये. तो कोरा रोल मी अजून जपून ठेवलाय, जुन्या कॅमेऱ्यात भरायचा सराव त्याच्यावरच करतो. तुझ्या कॅमेऱ्यात रोल नसतो हे मला माहीत आहे, तरी डोळे मिटून भरून दाखव. मग काकूच्या हातची खिचडी.

तुझा,
काका

ता. क. टोलारखिंडीच्या वरच्या कातळाला आता रेलिंग आहे म्हणालीस, ते नेमकं कुठपर्यंत आहे? सहज विचारतोय.