‘लिटनी’, ‘सिरीज’ की ‘स्पेट’?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी क्वालिटीचं काम बघतो. तीन आठवड्यांत आमचे चार लॉट रिजेक्ट झाले. परदेशातल्या कस्टमरला मेल लिहिताना मी ‘अ लिटनी ऑफ प्रॉब्लेम्स’ असं लिहिलं, साहेबांनी खोडून ‘सिरीज’ केलं. फरक काय? आणि पुढे ‘हॅज’ की ‘हॅव’?

उत्तर : ‘लिटनी’ खोडली ते बरं झालं. लिटनी ही चर्चमधली प्रार्थना. पाद्री एकेक ओळ म्हणतो, लोक दरवेळी तेच ते उत्तर देतात. त्यावरून तो शब्द लांबलचक रडगाण्याला चिकटला. आपण ‘तक्रारींचा पाढा वाचला’ म्हणतो ना, अगदी तेच. कस्टमरच्या तक्रारीला तुम्ही पाढा म्हटलंत, तर तो चिडणारच.

‘सिरीज’ मात्र जपून. एकापाठोपाठ एक आणि एकमेकांशी नातं असलेल्या गोष्टी, असा त्याचा रोख असतो. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली आणि चारही लॉटमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडलेल्या पोकळ्या, निघाले, तर सिरीज चपखल. पण एका लॉटला ब्लोहोल, दुसऱ्याला धातू थंड ओतल्यामुळे कोल्डशट (धातूचे प्रवाह नीट न जुळता राहिलेली फट), तिसऱ्याला मोल्डिंग बॉक्सच्या पिना झिजल्यामुळे मिसमॅच (साच्याचे दोन भाग सरकणं) असेल, तर दुखणी वेगळी. ‘सिरीज’ वाचून कस्टमर सगळ्यांचं एकच मूळ कारण मागेल, आणि ते तुमच्याकडे नसेल.

‘स्पेट’ म्हणजे मुळात नदीचा पूर. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडे धावते, तसं थोड्या काळात एकदम उसळलेलं. आपल्या पेपरातलं ‘चोऱ्यांचं सत्र’ म्हणजे ‘स्पेट ऑफ बर्गलरीज’. आधीचे महिने कोरे गेले असतील, तर तुमच्या तीन आठवड्यांना हा शब्द बसेल. वर्षभर रेंगाळणाऱ्या कटकटीला नाही.

‘स्ट्रिंग’ ही मण्यांची माळ, ती विजयांचीही असते. आपल्या ‘शुक्लकाष्ठ’सारखी वाईटालाच वाहिलेली नाही. ‘होस्ट’मध्ये क्रम नाही, नुसती गर्दी. ‘स्लू’ म्हणजे ढीगभर, पण तो अमेरिकी बोलण्यातला, ऑफिसच्या मेलमध्ये नको.

आता क्रियापद. ‘अ सिरीज ऑफ डिफेक्ट्स हॅज’ असंच लिहा. ‘अ नंबर ऑफ डिफेक्ट्स’ला मात्र ‘हॅव’, आणि त्याच नंबरच्या आधी ‘द’ आला की परत ‘हॅज’. इथेच बहुतेकांची गाडी घसरते. ‘स्ट्रिंग’ आणि ‘स्पेट’ला दोन्ही चालतात, औपचारिक लिखाणात ‘हॅज’ ठेवलेलं बरं.

खरं तर तुमच्या मेलला यातला एकही शब्द लागत नाही. ‘फोर लॉट्स वेअर रिजेक्टेड इन थ्री वीक्स’ एवढं लिहा आणि खाली प्रत्येक लॉटचा नंबर, तारीख, दोष आणि कारण द्या.