जुन्या एफएम ट्यूनरचा आवाज नव्यापेक्षा खरंच गोड असतो का?

तुम्ही विचारलंय की आजोबांचा अमेरिकेतून आलेला जुना ट्यूनर (म्हणजे रेडिओ स्टेशन पकडणारं यंत्र) नव्या रिसीव्हरपेक्षा ‘गोड’ वाजतो, हा भास की खरा फरक? फरक खरा आहे. पण तुमच्या बाबतीत त्यातला बराचसा गोडवा ट्यूनर जुना असल्याचा नाही, अमेरिकेचा असल्याचा आहे.

एफएमवर वरच्या पट्टीचा आवाज मुद्दाम वाढवून पाठवतात आणि ट्यूनर तो तेवढाच खाली आणतो, म्हणजे वाटेतली खरखरही दबते. हे डी-एम्फसिस. आपल्याकडे आणि युरोपात त्याचं प्रमाण ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५; आकडा मोठा, तेवढा वरचा आवाज जास्त खाली येतो. त्यामुळे तिकडचा ट्यूनर इथे लावला की १० किलोहर्ट्झच्या आसपास आवाज ३ डेसिबलहून थोडा जास्तच पडतो. कानाला हे ‘मऊ’ वाटतं.

माझ्याकडे मामांनी १९८१ साली आणलेला असाच एक आहे, ११० व्होल्टचा, अजून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. मीही त्याच्या मऊपणावर फिदा होतो. मग एकदा स्टीरिओ डिकोडरच्या, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा करणाऱ्या भागाच्या, नंतरचे डी-एम्फसिस ठरवणारे ०.०१५ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर काढून ०.०१० चे बसवले, म्हणजे ७५ चं ५० झालं. पुणे विविध भारती, १०१.० लावलं आणि तबल्याची चाट पहिल्यांदा मोकळी ऐकू आली. इतकी वर्षं ती कांबळ्याखाली होती.

एवढं करूनही तो माझ्या यूएसबीवाल्या छोट्या रिसीव्हरपेक्षा चांगलाच वाजतो, आणि त्याचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्टीरिओला मोनोपेक्षा बराच तगडा सिग्नल लागतो. सिग्नल पडला की नव्या चिपा गुपचूप डावा-उजवा आवाज एकत्र, म्हणजे मोनो, करत जातात आणि वरचा आवाजही कापतात. कुणाला कळत नाही, फक्त गाणं आक्रसतं. कारमध्ये ते योग्यच आहे, पूल-बोगद्यांत दुसरं काय करणार? पण घरात बसून ऐकणाऱ्यावर तो निर्णय चिपने का लादावा? जुना ट्यूनर स्टीरिओही देतो आणि खरखरही, आणि मोनोची कळ तुमच्या हातात ठेवतो.

नव्याला कमी लेखू नका मात्र. एनएक्सपीची टीईएफ ६६८६ ही कारसाठी बनलेली चिप शेजारची स्टेशनं इतकी स्वच्छ वेगळी करते की जुन्यांतले मोजकेच तिच्यापुढे टिकतील. तिचं डी-एम्फसिसही सॉफ्टवेअरमधून बदलता येतं. शिवाय ती स्टेशनवरून सरकत नाही. माझा ट्यूनर तापेपर्यंत पहिली दहा मिनिटं काटा मध्यावरून हलतो, पुन्हा जुळवावा लागतो. चाळीस वर्षांत अलाइनमेंट (आतल्या सर्किटची जुळणी) बिघडलेला ट्यूनर ‘स’ आणि ‘श’ फाटके करतो, मग कितीही नावाजलेलं मॉडेल असो.

तुम्ही आधी मागची बाजू बघा. काही मॉडेलना ५०/७५ ची कळ असते, ती ५० वर करा. नसेल तर कपॅसिटर बदलायला ओळखीच्या मेकॅनिककडे न्या, आणि त्याच फेरीत अलाइनमेंटही करून घ्या. मग दोन्ही यंत्रं एकाच अँटेनावर, शक्यतो गच्चीवरच्या डायपोलवर (दोन दांड्यांच्या साध्या अँटेनावर), आवाज सारखा ठेवून आलटून पालटून ऐका. खोलीत लोंबणाऱ्या वायरवर केलेली तुलना धरू नका, तिथे तुम्ही ट्यूनर नाही, वायर ऐकत असता.