शाळेत इंग्रजी न येणारी मुलं वाढलीत, घर बदलू का?

न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी आईबाबांकडून हा प्रश्न मला गेली काही वर्षं सारखा येतोय, शब्द इकडचे तिकडे पण काळजी तीच, की टाऊन बदलतंय, शाळेत वर्षाच्या मधेच नवीन मुलं येतायत, त्यांना इंग्रजी येत नाही, टीचर त्यांच्यातच अडकते, मग आमच्या मुलांकडे कोण बघणार. म्हणून एक केस सांगते. त्या आईची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मिडलसेक्स काउंटीतलं एक सबर्ब, मुलगी तिसरीत, धाकटा पुढच्या वर्षी किंडरगार्टनला जाणार. घर २०२१ मध्ये घेतलेलं, तेव्हा होम लोनचे रेट तीन टक्क्यांच्या आसपास होते, आता घर बदलायचं तर नवीन लोन जवळपास दुप्पट रेटने. नवरा म्हणतो तरी जाऊ, बायको म्हणते हप्ता झेपणार नाही, आणि रोज जेवताना हाच विषय. बायको मला म्हणाली, "ताई, आम्ही शाळा बघूनच इथे घर घेतलं हो, एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, आणि आता ग्रुपवर सगळे म्हणतायत स्कूल डिस्ट्रिक्ट हातचं गेलं, ग्रेटस्कूल्स वेबसाइटवरचं शाळेचं रेटिंग पण खाली आलंय."

अशा वेळी काही जण पटकन म्हणतात, अहो तुम्ही पण बाहेरूनच आलात ना? मी ते म्हणत नाही. त्याने माणूस गप्प होतो, काळजी आहे तिथेच राहते. त्यापेक्षा काळजी सोडवून बघावी, त्यातलं खरं किती, ऐकीव किती.

आधी रेटिंग. त्यात टेस्ट स्कोअरचा वाटा मोठा असतो, आणि जे मूल मागच्या वर्षी इक्वाडोरहून आलं त्याचा इंग्रजीतल्या टेस्टचा स्कोअर कमी येणारच, त्यावरून तुमच्या मुलीला काय शिकवलं जातंय ते कळत नाही. त्यापेक्षा राज्य सरकारच्या साइटवर प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट असतो, त्यात स्टुडंट ग्रोथ बघा, म्हणजे मुलं मागच्या वर्षीपेक्षा किती पुढे गेली ते. या आईने तो कधी उघडलाच नव्हता, आम्ही एकत्र बसून बघितला, आणि त्यांच्या शाळेची ग्रोथ घसरलेली नव्हती.

मग मुख्य भीती, की अशा मुलांबरोबर बसून आपलं मूल मागे पडतं. फ्लोरिडातल्या मुलांवर डेव्हिड फिग्लिओ, पाओला जुलिआनो वगैरे अर्थशास्त्रज्ञांचा मोठा अभ्यास आहे, त्यांनी एकाच घरातली भावंडं घेतली, एकाच्या वाट्याला इमिग्रंट वर्गमित्र जास्त आले, दुसऱ्याच्या कमी, आणि अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या मार्कांवर वाईट परिणाम काही दिसला नाही, उलट गरीब घरातल्या मुलांचा थोडा फायदाच दिसला. या नवरा-बायकोला अजून एक गोष्टही सांगितली. कॅलिफोर्नियातल्या सधन सबर्ब्जमध्ये आशियाई मुलं वाढली तशी गोऱ्या कुटुंबांनी पब्लिक स्कूल्स सोडली, असं लिआ बुस्टन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आलंय. हे ऐकून नवरा, जो तोपर्यंत फोनमध्ये बघत होता, म्हणाला, "म्हणजे आपण आलो तेव्हा ते गेले?" मी हो म्हटलं आणि त्यावर अजून काही बोलले नाही.

पण त्यांची एक तक्रार खरी होती आणि ती मला महत्त्वाची वाटते. वर्गात खरंच ताण आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो निकालानंतर कागदपत्रं नसलेल्या मुलालाही पब्लिक स्कूल नाकारता येत नाही, १९७४ च्या लाऊ विरुद्ध निकोल्स निकालानुसार इंग्रजी न येणाऱ्या मुलाला नुसतं वर्गात बसवून चालत नाही, मदत द्यावी लागते, आणि हे दोन्ही योग्यच आहे असं माझं ठाम मत आहे. पण राज्याच्या मदतीचा हिशोब ऑक्टोबरमधल्या पटसंख्येवर होतो, मुलं येतात जानेवारीत, मार्चमध्ये, मग त्या वर्षी पैसे वाढत नाहीत, टीचर वाढत नाही, आणि आहे तीच टीचर सगळं ओढते. यात चूक मुलांची नाही, कमतरता माणसांची आहे, आणि जास्त माणसं मागता येतात.

मुलीशी मी वेगळं बोलले. तिला वर्गात कंटाळा येतो हे खरं, कारण वर्कशीट लवकर संपतं आणि मग नुसतं बसायचं. पण रविवारी संध्याकाळी पोटात दुखायचं ते वर्गामुळे नाही. आईबाबा भांडतात, आणि आपण घर सोडून जाणार, मैत्रीण सुटणार, ही भीती. ती मैत्रीण स्पॅनिश बोलणारी, वर्षभरापूर्वी आलेली. घरी त्या मुलांबद्दल जे बोललं जायचं ते सगळं ही ऐकत होती, आणि तिला कळत नव्हतं की मैत्रिणीचं नाव घरी घ्यायचं की नाही. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती खूप रडली.

धाकट्याचंही निघालं. शाळेच्या फॉर्मवर घरात कुठली भाषा बोलता असं विचारतात, तिथे मराठी लिहायचं नाही, नाहीतर मुलाला ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या इंग्रजीच्या प्रोग्राममध्ये टाकतात, असं ग्रुपवर कोणीतरी सांगितलेलं. आपल्यात हे फार चालतं. अहो, फक्त फॉर्मवरून कोणी टाकत नाही, आधी चाचणी होते, आणि प्रोग्राम नको असेल तर पालक नाही म्हणू शकतात, फक्त मूल इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीत असेपर्यंत वर्षातून एकदा इंग्रजीची टेस्ट द्यावीच लागते. खरं लिहा, मूल तुमच्याशी मराठीत बोलतं त्यात लपवण्यासारखं काय आहे?

मग दोघं शाळेत गेले, टीचरला "अशी मुलं किती" न विचारता तीनच गोष्टी विचारल्या: हिचं काम लवकर संपलं की हिला काय देता, रीडिंग ग्रुप लेव्हलप्रमाणे आहेत का, आणि ईएसएल टीचर या वर्गात कधी असते. पहिल्याचं उत्तर टीचरने पुढच्याच आठवड्यात दिलं, तिला वेगळी पुस्तकं आणि एक प्रोजेक्ट मिळाला. तिसऱ्याचं उत्तर वाईट होतं, एकच ईएसएल टीचर दोन शाळांत वाटलेली. मग आई बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या मीटिंगला गेली, पब्लिक कमेंटमध्ये बोलली, आणि तिच्याबरोबर त्या मैत्रिणीची आई पण आली, तिचं बोलणं दुसऱ्या एका पालकाने इंग्रजीत सांगितलं.

ज्यांना खरंच शाळा बदलावी लागते तेही मी बघितलेत. मूल महिनोन्‌महिने वर्गात रिकामं बसतंय आणि विचारूनही शाळा काही करत नाही, किंवा मुलाला त्रास दिला जातोय, अशा वेळी बदला, मीच सांगेन. पण कारण वर्गातलं हवं, ग्रुपवरचं नको.

हे कुटुंब सध्या तिथेच आहे. नवरा अजून झिलोवर घरं बघतो, पण जेवताना तो विषय काढायचा नाही असं ठरलंय आणि ते पाळलं जातंय, मुलीचं पोटात दुखणं बरंच कमी झालंय. ईएसएलच्या दुसऱ्या पोस्टसाठी बजेटमध्ये पैसे ठेवलेत का ते पुढच्या सुनावणीत कळेल, दोघी आया तिथे जाणार आहेत.